भलत्याच ओट्यावर

दोंडाईच्यात मी एकदा भलत्याच माणसाच्या ओट्यावर तगाद्याला बसलो. चांगला आठवडाभर बसलो, दोन्ही वेळ जेवलो, दुपारी लवंडलो आणि त्या माणसाचं चालतं दुकान बुडायला आणलं. तो आमच्या पेढीचा एक पैसा देणं लागत नव्हता. ज्याच्याकडून वसूल करायचं होतं, तो समोरच्या दुकानातून मला थंड पाणी पाठवत होता.

तगाद्याला बसणं म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास मी जळगावच्या एका घाऊक किराण्याच्या पेढीवर लागलो आणि महाराष्ट्र राज्य होईपर्यंत तिथेच होतो. काम वसुलीचं. गावोगावचे दुकानदार सेठकडून गूळ, तेल, साबण, काड्यापेट्या उधारीवर नेत आणि पीक आलं की पैसे देत. बहुतेक देत. जो देत नसे त्याच्यावर लगेच दावा लावणं सेठला परवडत नसे. दाव्याला स्टँप लागतो, वकील लागतो, तारखा पडतात. मला फक्त तिकीट लागे.

मी जायचो, ओट्यावर चढायचो, "जळगावहून आलोय, सेठनी पाठवलंय" एवढं म्हणायचो आणि बसायचो. शिवी नाही, आरडाओरडा नाही. रस्त्याकडे तोंड करून, मांडीवर छत्री आडवी ठेवून नुसतं बसायचं. बाजारातल्या प्रत्येकाला कळतं की हा बसलाय म्हणजे दुकानदार अडकलाय. तेल घ्यायला आलेली बाई दोन पायऱ्या चढते, माझ्याकडे बघते आणि पुढच्या दुकानात जाते. दुकानदार घरातल्या घरात वितळत जातो आणि एका सकाळी पैसे आणून ठेवतो. बोलायचं नाही, हा सेठचा नियम माझ्यासाठी खास होता. बोलणं सुरू झालं की देणेकरी आईचं दुखणं सांगतो, आणि मी विरघळणारा माणूस. पाचोऱ्याच्या एका दुकानदाराचं ऐकून मी त्यालाच खिशातले पैसे देऊन परतलो होतो.

दुसरी एक गोष्ट तशीच विचित्र. दारी बसलेला माणूस उपाशी ठेवायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. मग तो तगाद्याला का बसलेला असेना. देणेकऱ्याच्या घरातून मला ताट येई. सेठ म्हणत, "पगार मी देतो, जेवण तो देतो, तुझं काय जातंय?" परत आल्यावर सेठ आधी पैशांचं विचारत नसत. विचारत, "जेवायला काय होतं?" पहिल्या दिवशी काय, चौथ्या दिवशी काय, भाजीला फोडणी कशी, सगळं खोदून विचारत. सेठच्या घरात पथ्याचं जेवण असल्यामुळे त्यांना निदान ऐकून तरी चव घ्यायची असेल, अशी माझी कैक वर्षं समजूत होती.

सावद्याच्या केळीवाल्याकडे तर मी वसुलीला गेलो आणि तो मागच्या दाराने बागेत शिरला. मीही मागे शिरलो. केळीच्या बागेत सगळीकडे सारखंच दिसतं हे मला माहीत नव्हतं. मला वाट सापडेना. शेवटी त्यालाच मला हाका मारत शोधायला यावं लागलं. त्याने हात धरून बाहेर काढलं, त्यानंतर त्याला पैसे मागायला जीभच वळेना. असा मी वसुलीवाला.

तर दोंडाईचा. तिथल्या सुकलाल नावाच्या दुकानदाराकडे बरीच बाकी थकली होती. मी गाडीतून उतरलो, बाजारात आलो. ऊन असं की डोळे उघडेनात. दुकानांवर पाट्या नव्हत्या, गावाला माणसं माहीत असताना पाटी कोणाला हवी? एका दुकानात गोरासा, हसतमुख माणूस बसला होता. त्याला विचारलं, "सुकलालचं दुकान कुठलं?"

त्याने माझ्या छत्रीकडे पाहिलं. "जळगावहून का?"

"हो."

"ऊन फार आहे हो भाऊ. तिथे समोर बसा, त्या ओट्यावर. सावली छान असते."

मी समोर गेलो. चौकटीआड एक वयस्क, जाड भिंगांचा माणूस गूळ फोडत होता. "जळगावहून आलोय," मी म्हणालो. त्याच्या हातातला गूळ खाली पडला. खूण पटली, असं मला वाटलं. सेठचं नावही न घेता मी बसलो.

हा माणूस म्हणजे दगडूनाना. त्यांचं दुकान बापाच्या वेळेपासूनचं, माल धुळ्याहून आणि नंदुरबारहून येई, जळगावशी संबंध नाही. मग ते घाबरले का? त्या वेळी विक्रीकर नवा होता. नानांनी ऐकलं होतं की साहेब लोक येतात, बोलत काही नाहीत, दुकानासमोर बसून किती गिऱ्हाईक येतं ते मोजतात. विक्रीकराचा साहेब खरं तर धुळ्याहून यायचा. पण जळगावहून आला म्हणजे हा त्याच्याही वरचा असणार, असं नानांनी ठरवलं. माझ्या अंगात सेठचा जुना कोट होता, त्याने उरलंसुरलं काम केलं.

नाना दोन पैशांच्या जिऱ्याचीही पावती फाडू लागले. गिऱ्हाईक ती घेईना, नाना मला ऐकू जाईल असं "पावती घ्या, पावती" म्हणत बळंच हातात कोंबत. हा देणेकरी फार दडपणाखाली आहे, असं मी मनात नोंदवलं. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, दोन्ही वेळ ताट घेऊन येत. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, डाळ, वर घरच्या तुपाची धार, तोंडी लावायला मिरचीचा ठेचा. रोज तेच. मी बोलत नव्हतो, नाना विचारत नव्हते. आणि समोरून तो हसतमुख माणूस दुपारी पाण्याचा तांब्या पाठवी. इतका भला शेजारी असूनही नानांनी बाकी थकवावी, याचं मला वाईट वाटे.

मग धुळ्याच्या एका तेलाच्या पेढीचा वसुलीवाला बाजारातून जाता जाता थबकला. आम्ही या धंद्यातले लोक एकमेकांना ओळखून असतो. त्याने हळूच विचारलं, "इथे?" मी मान हलवली. बोलायचं नाही हा नियम मी त्याच्याशीही पाळला. ती एक मान हलवली नसती तर पुढचं काही झालं नसतं. त्याच्या पेढीचा नानांकडे नेहमीचा उधारीचा हिशेब होता, मुदत अजून लांब होती. पण जळगाववाला बसलाय म्हटल्यावर मुदत कोण बघतो? दुसऱ्या दिवशी तो माझ्या शेजारी येऊन बसला. मग नंदुरबारचा साबणवाला आला. मग धुळ्याचाच आणखी एक, हा मात्र पैलवान गडी. तो बसत नसे, उभा राहून खाकरे आणि रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असा नानांना विचारी, "काय ठरवलंत मग? दुकान आज उघडलं, उद्या उघडेल ना?"

ओटा भरला. नाना गोंधळले. गल्ल्यात होतं तेवढं तेलवाल्याला आणि साबणवाल्याला दिलं, पण त्यात त्यांची बाकी फिटली नाही. देताच सगळ्यांना खात्रीच पटली की दुकान बुडतंय. नवा माल यायचा थांबला, फळ्या रिकाम्या दिसू लागल्या, गिऱ्हाईक आटलं. अक्का आता मागच्या दाराने पाणी भरायला जात. ताटं मात्र सगळ्यांना येत होती.

शेवटी मलाच राहवेना. नियम मोडून मी आत डोकावलो आणि म्हणालो, "सुकलालशेठ, सेठना थोडे तरी द्या. बाकीचं मी सांभाळतो."

नानांनी चष्मा काढला. "कोन सुकलाल?"

"तुम्ही."

"मी दगडू शे. सुकलाल तो समोर शे ना भाऊ, तुमले रोज पानी धाडस तो."

मी समोरच्या दुकानाकडे पाहिलं. मग नानांनी विचारलं, "मंग तुम्ही विक्रीकरना साहेब नही?"

आतून अक्का आल्या. त्यांच्या हातात माझंच ताट होतं. त्यांनी ते खाली ठेवलं नाही. "इतला दिन खाईसन सारं गाव आमना दारले बसाडं," त्या म्हणाल्या, "आनि हाऊ कोन शे तेच त्याले ठाऊक नही."

त्या दिवशी मी पहिल्यांदा एखाद्या देणेकऱ्याच्या घरात आत जाऊन बसलो. ओट्यावर बसणाऱ्याची पाठ घराकडे असते. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि मी तर कधी मान वळवलीच नव्हती. आत नानांनी कित्येक दिवसांत दाढी केली नव्हती. खिडकीला आतून गोणपाट लावलं होतं. ओट्यावर कोणी खोकलं की नाना बोलता बोलता थांबत. खोकला संपला की पुढचा शब्द त्यांना आठवत नसे. हे सगळं मी केलं होतं, तेही नुसतं बसून.

मी सुकलालला जाऊन पकडलं. तो शांतपणे म्हणाला, "मी काय खोटं बोललो भाऊ? ऊन होतं, सावलीत बसा म्हणालो. ते माझं दुकान आहे असं म्हणालो का?" म्हणाला नव्हता, हे खरंच होतं.

मी बाहेर ओट्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं की माझी चूक झाली, नाना आमचं काही देणं लागत नाहीत. पैलवान म्हणाला, "तुला मिळाले वाटतं पैसे. आम्हालाही मिळू देत की." वसुलीवाला उठतो तो पैसे मिळाल्यावरच, हे बाजाराला मीच शिकवलं होतं.

नाना आता एकच गोष्ट बोलत होते, नादारी, म्हणजे कोर्टातली दिवाळखोरी. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की कोर्टात अर्ज दिला की सगळे तगादे बंद होतात. "कोनी बसत नही म्हने ओटावर. खरं का?" ते मला विचारत, जसा काही मी वकील. मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांना त्या दाराशी ढकलत होतो, पण ते दार कुठे उघडतं हे कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर नानांइतकीच मलाही उत्सुकता होती. आम्ही धुळ्याला वकिलाकडे जायचं ठरवलं.

अडचण सुकलालची होती. मी धुळ्याला गेलो आणि तो पळाला तर? म्हणून डोळ्यांसमोर असावा या हुशारीने मी त्यालाही बरोबर घेतलं. त्याचं तिकीट मी काढलं.

वकील सावकाश बोलणारे होते. त्यांनी सांगितलं ते असं. देणं फिटत नाही असं ज्याला कोर्टापुढे दाखवता येतं, त्याने अर्ज करायचा. कोर्टाने मान्य केला की त्याची मालमत्ता कोर्टाचा माणूस ताब्यात घेतो, विकतो आणि सगळ्या धनकोंना ज्याच्या त्याच्या हिश्शाने वाटतो. मग एकेकट्याने दारात येऊन मागायचं नाही, जे काय मागायचं ते कोर्टात. अटकेपासूनही कोर्टाकडून संरक्षण मागता येतं. पुढे वागणूक नीट दिसली तर कोर्ट मोकळं करतं. तोवर मात्र नादार आहोत हे सांगितल्याशिवाय मोठी उधारी घ्यायची नाही.

"आनि भांडाकुंडा?" नानांनी विचारलं.

"स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, हे घेत नाहीत."

सुकलालच मग विचारू लागला. समजा एखाद्याकडे शिलाईचं यंत्र असलं तर? समजा घर बायकोच्या नावावर असलं तर? आधीपासून की आत्ता केलं, असं वकिलांनी विचारलं. आधीपासून, समजा, सुकलाल म्हणाला. समजा एखाद्याने काही लपवलं तर? तर तुरुंग, वकील म्हणाले. समजा काहीच लपवलं नाही तर? शेजाऱ्यासाठी हा किती बारकाईने विचारतोय, याचं मला कौतुक वाटलं. आपलं वागणं याला लागलंय, असंही वाटलं.

मग वकिलांनी नानांकडून येणं-देणं तोंडी मांडून घेतलं. खेड्यांतल्या मिरचीवाल्यांकडे नानांचं येणं होतं, ते देण्यापेक्षा मोठं होतं. वकिलांनी मान हलवली. "तुमचा अर्ज टिकायचा नाही. तुम्हाला देणं फेडता येतं. फक्त आज येत नाही, मिरची आल्यावर येईल."

"पन ते आज बठेल शेतस," नाना म्हणाले.

"त्यावर कायद्यात काही नाही."

गाडीत नाना खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "नादार व्हवाले बी ऐपत लागस म्हनजे." ते हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही. आता दुकान वाचवायचं तर एकच रस्ता होता. कोणीतरी सगळ्या बाजारासमोर नानांना उधारीवर माल द्यायला हवा होता. आणि तसा माल देऊ शकेल असा मला एकच माणूस माहीत होता.

सेठपुढे मी सगळं सांगितलं. नोकरी जाणार हे धरूनच सांगितलं. सेठनी ऐकून घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "जेवायला काय होतं?"

"कळण्याची भाकरी, डाळ, ठेचा. डाळीवर तूप."

"पहिल्या दिवशी?"

"तेच."

"शेवटी? ओटा भरल्यावर?"

"तेच. तूपसुद्धा."

सेठनी कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं मी तुला काय विचारतोय रे रघुनाथ? देणेकरी पहिल्या दिवशी गोड करतो. मग हात आखडतो, चौथ्या दिवशी नुसती खिचडी. ज्याचं ताट रोज चढत जातं तो पळायच्या तयारीत असतो. ज्याचं बदलतच नाही, तो देणेकरी नाहीच. तुला तिसऱ्या ताटाला कळायला हवं होतं, आपण भलतीकडे बसलोय."

मी खरंच थक्क झालो. मला वाटत आलं होतं, सेठना पुरणपोळीची आठवण येते.

"असं गिऱ्हाईक शोधायला मी दलाल ठेवतो," सेठ म्हणाले. "तू चुकून शोधलंस. माल देतो. पण नानांनी बुडवलं तर तुझ्या पगारातून."

सेठ स्वतः आले. स्टेशनवरून गुळाच्या भेल्यांची गाडी भर बाजारातून नानांच्या दुकानासमोर उभी राहिली. सेठ ओट्यावर बरोबर माझ्या जागी बसले, चहा बशीत ओतला आणि पैलवानाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाना, पैशांची घाई नाही. मिरची येऊ द्या, मग बघू. तेलाचे डबे पुढच्या खेपेला धाडतो." नानांनी सेठना पावती फाडून दिली. कशाची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पहिला उठला तो तेलवाला. त्याने छत्री झटकली आणि जाता जाता नानांना विचारलं, "आमच्या शेठना काय सांगू, माल पाठवायचा ना?" साबणवाला त्याच्या मागे. पैलवान सगळ्यात शेवटी गेला, पण जेवून गेला. मिरची आली तेव्हा नानांनी सगळ्यांचं दिलं, आमचंही. माझा पगार शाबूत राहिला.

मी मग सुकलालच्या ओट्यावर बसायला गेलो. तो नेहमीसारखाच हसला. दाढी गुळगुळीत केलेली होती. "भाऊ, आता तुम्हाला बसता यायचं नाही," तो म्हणाला. "मी धुळ्याला अर्ज दिला, कोर्टाने मान्य केलाय. काही लपवलं नाही बरं का, वकीलसाहेबांनी सांगितलं तसंच सगळं केलं. चहा घेऊन जा." चहा चांगला होता.

सेठनी विचारलं, "त्याला वकिलाकडे कोणी नेलं?"

"मी."

"तिकीट?"

"मीच काढलं."

सेठनी तराजूचं पारडं उलटं करून झटकलं. मग म्हणाले, "ते पेढीच्या खर्चात घालू नकोस."

सुकलालचा मला राग यायला हवा होता. पण कोर्टाचा माणूस दुकान मोजून घेऊन गेला त्यानंतर मी त्याला बाजारात पाहिलं, बायकोच्या शिलाईच्या यंत्राशेजारी बसून काज करत होता आणि कोणी रस्त्यात खोकलं तरी मान वर करत नव्हता. आमची बाकी कोर्टाने वाटली तेव्हा रुपयाला दोन-चार आणे काय ते हाती आले. त्यानंतर तगाद्याला बसायचं म्हटलं की मला रस्त्याकडे तोंड करून बसवेना. मी सारखा मागे वळून बघे, आणि वळून बघणाऱ्या वसुलीवाल्याला कोणी भीत नाही. पुढे सेठनी मला दुकानात मापावर बसवलं. तिथे निदान गिऱ्हाईक आपल्या पायांनी येतं.

महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे एकदा कामाने दोंडाईच्याला गेलो होतो. ऊन तसंच होतं. पाय आपोआप नानांच्या ओट्याकडे वळले आणि मी सवयीने जुन्या जागी टेकलो. नाना गुळावर कापड टाकत होते. त्यांची नजर आता फारच अधू झाली होती, पण छत्री ओळखली. त्यांनी आत हाक दिली, "अवं, जळगावना भाऊ येल शेतस."

अक्का दारापर्यंत आल्या. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी म्हणालो, "अक्का, आज तगाद्याला नाही आलो. नुसता भेटायला आलोय. जेवणाची खटपट करू नका."

त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि नानांना म्हणाल्या, "पाट मांडा त्याले. बसनं आनि खानं, दुसरं त्याले काय येस?"